सत्तेचाळिसावं

वोरूच्या ग्रंथालयात माझं काम एवढंच:
सकाळी, वरचे दिवे लावायच्या आधी,
नेटवर्कवर कोण कोण आहे ते मोजायचं.
एकच हाक सगळ्यांना. जो तो ओ देतो,
मी टिपून घेते.
शेहेचाळीस.
तीन प्रिंटर, त्यातला एक कायमचा रुसलेला,
मुलांच्या खोलीतला पडदा, पुस्तकं परत घेणारी खिडकी,
आणि माइमूचं मशीन.
पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवू नका,
तिला तीनदा सांगितलं.
आता तो कुंडीखाली असतो.

वाचकांचे फोन बाहेरच्या ओसरीवर.
ते रोज नवं नाव सांगतात, मी खोदून विचारत नाही.
बसावं, घोटभर पाणी प्यावं, जावं.
आत मात्र
वहीत नाव नाही त्याला पाऊल टाकू देत नाही.

नोव्हेंबरात, पहिलं दहिवर गोठलं त्या मंगळवारी,
सत्तेचाळीस.

बारा अक्षरांचा पत्ता, नावाची जागा कोरी.
पहिल्या सहा अक्षरांवरून कारखाना कळतो:
मूठभर घ्या, मूठभर फेका, अशी स्वस्त चिप.
पहाटे चारला यायचं, दोन शब्द बोलायचं,
गप्प व्हायचं.
चोराची चाल याहून वेगळी काय असते?

माइमूला विचारलं. मार्गुसला विचारलं,
तो कशालाही "असेल" म्हणतो.
लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा कडेवर घेऊन
भिंतीभिंतीशी हिंडले.
तळघराच्या जिन्यापाशी सिग्नल भरून आला.
तळघराला कुलूप, किल्ली नगरपालिकेत,
नगरपालिका शुक्रवारी दोनला बंद.

मग काय. पत्ता निवडला, बटण दाबलं.
लाल.
त्या रात्री मला गाढ झोप लागली.
हे आत्ताच लिहून ठेवते,
पुढे विसरावंसं वाटेल.

रोज पहाटे नोंद पडायची:
दार वाजवलं. नाकारलं.
दार वाजवलं. नाकारलं.
जानेवारीत तर रात्रभर वाजवत होतं.
मी म्हटलं, पहारा चोख आहे.

उणे सव्वीस होतं त्या रविवारी पाइप फुटला.
सोमवारी तळघरात घोटाभर पाणी, वर बर्फाची साय,
गावाच्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे
भिजल्या पावासारखे फुगलेले.
प्लंबरने पाइपावरून एक डबी सोडवून दिली,
काड्यापेटीएवढी, चिकटपट्टीने बांधलेली,
वर पेन्सिलीने:
थंडी वाढली की ओरडेल. काढू नये. हेल्दुर.

हेल्दुर माझ्या आधी इथे होता.
त्याचीच वही माझ्याकडे आहे, शेहेचाळीस नावांची.
पार्नूला लेकीकडे असतो, फोन लावला.
"पाच अंशांखाली गेलं की उठतं ते," म्हणाला,
"एरवी झोपून असतं. सेल पुरावा म्हणून.
वहीत नाही का लिहिलं मी?"
नाही.
बराच वेळ नुसता श्वास.
"मग तू बरोबर केलंस. मीही अडवलं असतं."

आणि ओरडायचं ते कुणाकडे?
"माझ्या मेलवर."
तो मेल तर निवृत्तीच्या दिवशीच बंद झाला.
म्हणजे मी अडवलं नसतं तरी...
"तरी," तो म्हणाला,
आणि लेकीने त्याला जेवायला हाक मारली.

मुलांच्या खोलीत आता दोऱ्या बांधल्यात.
चिमट्यांना लटकून गाव वाळतंय:
कुणाची गाय विकायची, कुणाचं लग्न ठरलेलं,
अर्धी शाई पलीकडच्या पानावर उमटलेली.
वहीत मी ओळ वाढवली:
सत्तेचाळीस, तळघर, थंडी.
पुढे मेलचा पत्ता माझा,
त्याखाली माइमूचा,
त्याखाली, विचार करून, मार्गुसचासुद्धा.

आज सकाळी अठ्ठेचाळीस.
आधी अडवलं.
मग कोट चढवला, टॉर्च घेतला,
तळघराची किल्ली आता माझ्याच खिशात असते,
आणि कोण आहे ते बघायला
खाली निघाले.